रोशा गवताचे तेल आणि जागेचा गुण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे-नंदुरबारच्या डोंगरांत, मेळघाटात आणि सातपुड्यात व त्यापलीकडे मध्य प्रदेशातल्या बैतूल-निमाडकडे रोशा गवत आपोआप उगवते. त्याचे तेल काढणारे, विकत घेणारे आणि अभ्यासासाठी नमुने गोळा करणारे विद्यार्थी फिरून फिरून जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोशा म्हणजे गवती चहाच ना?

नाही. दोन्ही सिंबोपोगॉन या एकाच वंशातली, पण तेल अगदी निराळे. गवती चहाच्या तेलात मुख्य घटक सिट्रल, म्हणून लिंबाचा वास. रोशाच्या (सिंबोपोगॉन मार्टिनी) तेलात मुख्य घटक जिरॅनिऑल, म्हणून गुलाबाकडे झुकणारा वास. बागेतला गवती चहा आपल्याकडे क्वचितच फुलतो. रोशाला मात्र पावसाळा सरता सरता दरवर्षी तुरे येतात आणि ते पिकताना तांबूस होतात. तिखाडी, रोहिष गवत ही याचीच नावे. तेलाच्या व्यापारात पामरोझा म्हणतात.

२. तुळशीला नुसता हात लागला तरी वास येतो. रोशाचे पान चुरगळावे का लागते?

तुळस, पुदिना यांचे तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असते, स्पर्शाने त्या फुटतात. रोशाचे तेल पानाच्या आतल्या पेशींत असते. त्यामुळे पावसाने ते धुऊन जात नाही, आणि कापलेले गवत काही तास सावलीत ठेवले तरी फारसे उडत नाही (प्रश्न १२).

सगळ्या भागांत तेल सारखे नसते. ताज्या वजनावर तुऱ्यात साधारण ०.५ टक्के, पानात ०.१५ ते ०.२५, आणि दांड्यात जेमतेम ०.०१ ते ०.०३ टक्के. हे आकडे लक्षात ठेवा. पुढची अर्धी उत्तरे त्यांच्यावरच उभी आहेत.

३. रोशाचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया, रानात कसे ओळखायचे?

एकाच खुणेवर विसंबू नका. चार गोष्टी एकत्र पाहा.

वाढ: मोतियाचे ठोंब सुटे सुटे, मध्ये मोकळी जागा. सोफिया एकाच जागी दाट माजते.

पान: मोतियाचे पान दांड्यापासून जवळजवळ काटकोनात बाहेर पडते. सोफियाचे पान दांड्याला लगटून वर जाते.

जागा: मोतिया उघड्या, निचऱ्याच्या उतारावर. सोफिया सखल, ओलसर, सावलीच्या भागात.

वास: पान तळहातावर चोळून अर्धा मिनिट थांबा आणि मग हुंगा. मोतियाचा वास गोड, गुलाबी. सोफियाचा आल्यासारखा, मागून टर्पेंटाइनची झाक. चोळल्याबरोबर हुंगले तर दोन्हींत हिरव्या गवताचाच वास पुढे येतो आणि नवखा माणूस फसतो. एक हुंगल्यावर दुसऱ्यासाठी हात धुवा, नाहीतर दोन्ही मोतियाच वाटतील.

मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल साधारण ७५ ते ९० टक्के. सोफियात ते पुष्कळ कमी, आणि त्याच्या जोडीला लिमोनीन, कार्वोन, पेरिलिल अल्कोहोल असे घटक. सोफियाचे तेल जिंजरग्रास नावाने वेगळे विकले जाते आणि भावही वेगळा मिळतो.

४. मोतिया उतारावर आणि सोफिया ओलीत येते, म्हणजे फरक जागेमुळेच ना? सोफियाचे ठोंब उतारावर लावले तर मोतिया होईल?

होणार नाही. सगळ्यांत जास्त गैरसमज याच मुद्द्यावर आहे. सोफिया उतारावर लावली तर ती खुरटेल, पण तिच्या तेलाला आल्याचाच वास राहील. हा फरक आनुवंशिक आहे. मोतियाच्या पेशीत सामान्यतः २० गुणसूत्रे, सोफियाच्या पेशीत ४०. मोतिया ओलीत नेली तर तिचे तेल घटेल, ठोंब सडेलही, पण सोफिया होणार नाही.

मग जागेशी इतका घट्ट संबंध दिसतो तो का? जागा प्रकार बदलत नाही, ती प्रकार निवडते. पाणी साचते तिथे मोतिया तग धरत नाही. तापलेल्या मुरमावर सोफिया मागे पडते. दक्षिण फ्रान्समधल्या रानटी थाइम या सुगंधी झुडपाचे उदाहरण असेच आहे. माँपेलिए परिसरात एकाच थाइमचे तेलावरून सहा प्रकार ओळखले जातात. तेलात थायमॉल किंवा कार्वाक्रॉल मुख्य असलेले प्रकार कडक हिवाळी गोठणीत मरतात, म्हणून ते उबदार, खडकाळ उंचवट्यांवर. बाकीचे थंडी साठणाऱ्या दरीत. हिवाळे सौम्य होऊ लागल्यावर पहिले प्रकार पूर्वी नसलेल्या जागांतही दिसू लागले. एकेका झाडाचे तेल बदलले नाही, तिथे कोण जगते ते बदलले.

५. मग जागेने बदलते तरी काय?

प्रकार तोच ठेवून तीन गोष्टी बदलतात: एका ठोंबाला किती गवत येते, त्या गवतात किती टक्के तेल असते, आणि तेलातल्या घटकांचे प्रमाण थोडेफार इकडे-तिकडे. पहिल्यावर जागेचा जोर सर्वाधिक, तिसऱ्यावर सगळ्यांत कमी. तिसऱ्यावर जागेपेक्षा कापणीची वेळ भारी पडते (प्रश्न ९).

आमचे स्पष्ट मत सांगायचे तर, ‘जागेचा गुण’ म्हणून जे सांगितले जाते त्यातले बरेचसे विळा चुकीच्या दिवशी चालवल्यामुळे आणि भट्टी (गवत वाफवून तेल काढायची) नीट न लावल्यामुळे झालेले असते.

६. आमच्या माळावरच्या गवतात ओढ्याकाठच्या गवतापेक्षा दीडपट तेल निघते. हा जागेचाच गुण ना?

असेलही, पण आधी गवतातले पाणी मोजा. हिशेब असा.

माळ: १०० किलो गवत, पाणी ६० टक्के, तेल ४०० ग्रॅम. म्हणजे ४० किलो कोरड्या मालात ४०० ग्रॅम, १ टक्का.

ओढाकाठ: १०० किलो गवत, पाणी ७५ टक्के, तेल २५० ग्रॅम. म्हणजे २५ किलो कोरड्या मालात २५० ग्रॅम, पुन्हा १ टक्काच.

ताज्या वजनावर ०.४ आणि ०.२५ दिसले, कोरड्या वजनावर दोन्ही जागा सारख्या निघाल्या. ओढाकाठच्या गवतात पाणी जास्त होते, एवढाच अर्थ. पाणी मोजायला मोठे साधन लागत नाही. पाने, तुरे, दांडे मिळून २०० ग्रॅम गवत बारीक कापा, कागदावर पसरून कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवा, दोन दिवस वजन सारखे आले की शेवटचे वजन लिहा. प्रयोगशाळेत हेच १०५ अंशांच्या भट्टीत एका दिवसात होते. कोणी टक्का सांगितला की ताज्या वजनावर की कोरड्या, हे आधी विचारा. नाहीतर दोन गावांच्या आकड्यांची तुलना व्यर्थ आहे.

पाण्याचा हिशेब लावूनही माळाचे गवत सरस ठरले तर त्याला कारण आहे. पाण्याचा ताण पडला की आधी वाढ थांबते. पानात अन्न तयार होणे त्यानंतर मंदावते. मधल्या काळात वाढीला न लागलेले अन्न तेलासारख्या पदार्थांकडे वळते.

७. म्हणजे लावलेल्या रोशाचे पाणी तोडले तर तेल वाढेल?

टक्का थोडा वाढेल, एकूण तेल बहुधा घटेल. एकरी ८ टन गवत ०.४ टक्क्याने ३२ किलो तेल देते. पाणी तोडून गवत ५ टनांवर आले आणि टक्का ०.५ झाला, तरी २५ किलोच हाती येते. इंधन व मजुरी वाचते हे खरे, पण त्यासाठी ७ किलो तेल सोडायचे का ते तुम्हीच ठरवा. कापणीआधीच्या आठवड्यात पाणी बंद ठेवणे मात्र नेहमी फायद्याचे. भट्टीत पाण्याचा बोजा कमी जातो.

८. काळी जमीन चांगली की मुरमाड? उताराची दिशा, सावली यांनी काय फरक पडतो?

निचरा पाहा, रंग नाही. हलकी, मुरूममिश्रित जमीन मोतियाला मानवते. जमीन विम्ल असली, पीएच ९ पर्यंत गेला, तरी हे गवत निभावून नेते. काळ्या खोल जमिनीत गवत भरपूर येते, पण पावसाळ्यात पाणी तुंबले की मुळे गुदमरतात, पाने पिवळी पडतात आणि ठोंब मधून पोकळ होतो. काळ्या जमिनीत लावायचेच असेल तर सरी-वरंबा करून वरंब्यावर लावा.

नत्र जास्त झाले तर पाने लुसलुशीत वाढतात, तुरे उशिरा येतात, गवत आडवे पडते. गोठ्याशेजारच्या ठोंबांत हे नेहमी दिसते.

दक्षिण व पश्चिम उतार जास्त तापतात आणि लवकर वाळतात. तिथे तुरे आधी पिकतात. त्याच टेकडीच्या उत्तर अंगाला तीच अवस्था काही दिवस मागे असते. एकाच दिवशी सगळी टेकडी कापणारा माणूस म्हणूनच दोन वेगळ्या अवस्थांचे तेल एकत्र करतो. सागाच्या दाट सावलीत मोतिया लांबते, पाने रुंद होतात, तुरे विरळ येतात. तेलाचा मोठा वाटा तुऱ्यातच असल्यामुळे (प्रश्न २) सावलीचा खरा फटका इथे बसतो.

९. कापणी नेमकी कधी करावी?

तुरे पूर्ण फुलल्यापासून दाणा भरू लागेपर्यंत. ढोबळ मानाने फुलोरा उघडल्यानंतर ७ ते १० दिवसांनी. रानात हा काळ बहुतेक ठिकाणी दसरा-दिवाळीच्या आसपास येतो, पण तिथीकडे न पाहता तुऱ्याकडे पाहा.

यामागे रसायन आहे. कोवळ्या तुऱ्यात जिरॅनिल एसिटेटचे प्रमाण जास्त असते. तुरा पिकत जातो तसे एक विकर (एन्झाइम) त्या एसिटेटचे विघटन करून जिरॅनिऑल मोकळे करते. लवकर कापले तर वास फळासारखा आणि जिरॅनिऑल कमी. फार उशीर केला तर दाणा गळतो, तुरे वाळून झडतात, पाने करपतात आणि तेलाचा उतारा पडतो. गिऱ्हाइकाला एसिटेटवाला हलका वास हवा असेल तर थोडे लवकर कापणे ही चूक नव्हे, पण ते ठरवून करा.

१०. परतीचा पाऊस ऐन फुलोऱ्यात आला. तेल धुऊन जाईल का?

धुऊन जाणार नाही, कारण ते पेशीच्या आत आहे. नुकसान दुसऱ्या वाटेने होते. गवत आडवे पडते, खालचे तुरे मातीला टेकून काळे पडतात, आणि ओले गवत भट्टीत गेल्यावर इंधन पाणी तापवण्यातच खर्च होते. दोन-तीन दिवस चांगले ऊन पडू द्या. दव सुकल्यावर, सकाळी नऊ-दहानंतर विळा लावा.

११. किती उंचीवरून कापावे?

ठोंब टिकवायचा तर जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर सोडा. भट्टीसाठी मात्र त्याहून वरून कापणे फायद्याचे. समजा १०० किलो गवतात २० किलो तुरे, ३० किलो पाने आणि ५० किलो दांडे आहेत. तुऱ्यांतून १००, पानांतून ६०, दांड्यांतून १० ग्रॅम, एकूण १७० ग्रॅम. आता फक्त वरचा भाग घ्या: २० किलो तुरे, २० किलो पाने, १० किलो दांडे. तेल १००, ४० आणि २, मिळून १४२ ग्रॅम. माल निम्मा, तेल पाच-षष्ठांश. डेगीत, म्हणजे भट्टीवरच्या भांड्यात, जागा मोजकी असते. ती दांड्यांनी भरू नये.

१२. कापल्यावर लगेच भट्टी लावावी की कोमेजू द्यावे?

सावलीत, वीतभरापेक्षा जाड नाही अशा थरात ४ ते ६ तास. पाणी उतरते, गवत मऊ पडते, डेगीत जास्त मावते. रात्रभर राहिले तरी मोठे नुकसान नाही, मात्र थर पातळ हवा. ढीग घातला तर आत हात घालून पाहा: गरम लागला तर आंबण सुरू झाले आहे. त्या मालाच्या तेलाला आंबूस वास येतो आणि तो पुढे कशानेही जात नाही. दिवसभर कडक उन्हात टाकलेल्या गवताचा उतारा घटतो.

१३. आमचे तेल काळपट, जळका वास असलेले का येते?

हा जागेचा दोष नाही. गवत डेगीच्या तळाला टेकून करपते. तळापासून वर जाळी बसवा, पाणी जाळीच्या खाली ठेवा आणि मध्येच संपू देऊ नका. काळपट किंवा तांबूस रंग बहुधा गंजलेल्या लोखंडातून येतो. निदान थंड होणारी नळी आणि तेल गोळा करायचे भांडे तरी स्टेनलेस स्टीलचे घ्या.

उतारा कमी येत असेल तर तीन ठिकाणी पाहा. नळीतून गरम वाफाळते पाणी पडते का? पडत असेल तर तेल हवेत चालले आहे. बाहेर येणारे पाणी हाताला कोमट लागावे. अडीच-तीन तास भट्टी चालते का? जिरॅनिऑल सावकाश येते, तासाभरात आग काढली तर तेलही कमी आणि त्यात जिरॅनिऑलचा वाटाही कमी. आणि तेलाखालचे पाणी फेकता का? जिरॅनिऑल पाण्यात थोडे विरघळते, म्हणून ते पाणी पुढच्या घाणीत, म्हणजे भट्टीच्या पुढच्या फेरीत, परत डेगीत ओता.

तेल काढल्यावर त्यातले उरलेले पाणी घालवा: लिटरमागे २० ते ३० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट, हलवून रात्रभर ठेवा, मग गाळा. ॲल्युमिनियमच्या किंवा गडद काचेच्या भांड्यात गळ्यापर्यंत भरून सावलीत ठेवा.

१४. ‘टर्किश जिरेनियम’ म्हणजे हेच तेल का?

हो. एकेकाळी हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला (आजचे इस्तंबूल) जाई आणि तिथून गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई. तुर्की गिऱ्हाइकावरून नाव पडले. तुर्कस्तानात ते पिकत नव्हते आणि जिरेनियमच्या झाडाशी त्याचा काही संबंध नाही.

१५. रोशा चरणाऱ्या गुरांच्या दुधाला वास येतो का?

कोवळे असताना गुरे ते आवडीने खातात, आणि दुधा-लोण्याला वास उतरतो. या गवताचे पहिले शास्त्रीय वर्णन करणाऱ्या विल्यम रॉक्सबर्गनेही तसे नोंदवले आहे. तुरे आल्यावर दांडे राठ होतात, मग गुरे टाळतात. ज्या उतारावरून तेल काढायचे तिथे ऑगस्टनंतर चराई बंद ठेवा. शेंडा खाल्लेल्या फुटीला तुरा उशिरा आणि लहान येतो.

१६. जिरॅनिऑल ७६ टक्के आहे, म्हणजे मोतियाच. तरी अत्तरवाला नाकारतो, का?

बहुधा सोफिया मिसळली आहे. मोतियात ८५ आणि सोफियात ४० टक्के जिरॅनिऑल धरा, दोन्हींचा उतारा सारखा धरा. भाऱ्यात पाचवा हिस्सा सोफिया गेली तर मिश्रणात बरोबर ७६ येते. आकडा मोतियाच्या मर्यादेत बसतो, पण कार्वोन आणि पेरिलिल अल्कोहोलचा वास लपत नाही. अहवालात फक्त जिरॅनिऑल न पाहता हे दोन घटक आणि लिमोनीनही पाहा. एक साधी चाचणी: शुद्ध मोतियाचे १ मिलिलिटर तेल ७० टक्के अल्कोहोलच्या ३ मिलिलिटरमध्ये स्वच्छ विरघळते. गढूळ झाले तर सोफिया, रॉकेल, टर्पेंटाइन किंवा खाद्यतेल यांपैकी काहीतरी आहे. खाद्यतेल असेल तर टिपकागदावरचा डाग दुसऱ्या दिवशीही तेलकट राहतो.

मिसळ होते ती उतार आणि ओढा यांच्या सीमेवर. त्या पट्ट्यातले गवत वेगळे कापा आणि वेगळी घाणी लावा.

१७. दोन जागांची खरी तुलना करायची तर कशी?

दोन टेकड्यांवरचे गवत कापून तेल मोजले तर जागा, वाण आणि अवस्था तिन्ही एकमेकांत गुंततात. खात्रीची पद्धत अशी: एका टेकडीवरचे १० ठोंब निवडा, पावसाळ्याच्या सुरुवातीला प्रत्येकाचे दोन तुकडे करा, एक तुकडा जागेवर आणि दुसरा दुसऱ्या टेकडीवर लावा. उलट दिशेनेही तेच करा. बियांपासून लावू नका. परपरागीकरणामुळे बियांची रोपे एकसारखी नसतात. पहिल्या वर्षीचे मोजमाप सोडून द्या, लावणीचा धक्का असतो.

दुसऱ्या वर्षी तारीख न जुळवता तुऱ्याची अवस्था जुळवा. क्लेव्हेंजर उपकरणात (प्रयोगशाळेतली तेल काढायची काचेची छोटी भट्टी) २०० ते ३०० ग्रॅम गवत, ३ तास, प्रत्येक ठोंबाचे मोजमाप वेगळे. मिलिलिटरला ०.८८५ ने गुणले की ग्रॅम मिळतात. शेवटी कोरड्या वजनावर मांडा (प्रश्न ६).

१८. रानातले तेल लागवडीच्या तेलापेक्षा चांगले असते का?

विक्रेते तसे सांगतात. वासात ते कधी कधी जास्त गुंतागुंतीचे असते, कारण त्यात अनेक ठोंबांचे, अनेक उतारांचे तेल असते. त्याच कारणाने ते दर घाणीला बदलते. लखनौच्या सीमॅप या औषधी व सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१ असे वाण दिले आहेत. एकसारखा माल हवा असेल तर लागवडच बरी.

१९. जंगलातून गवत कापायला परवानगी लागते का?

जमीन कोणाची आहे त्यावर अवलंबून. २००६ च्या वनहक्क कायद्यात औषधी वनस्पती गौण वनोपजात (लाकूड सोडून जंगलात मिळणारा वनस्पतींचा माल) येतात. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात आधी ग्रामसभेकडे जा. राष्ट्रीय उद्यानात आपल्या मनाने कापणी करू नका. भट्टी कुठेही असो, ती जंगलात न लावता गावात लावा; वाळलेल्या गवताच्या रानात एक ठिणगी पुरते.

२०. ओलसर ओढ्याकाठी चक्क गुलाबी वासाचे ठोंब सापडले. मग वरचे सगळे चूक?

नाही. आधी पायाखाली पाहा. ओढ्याकाठी दगडगोट्यांचा उंचवटा असतो; वर ओल दिसली तरी मुळाशी पाणी झटकन निथळते, आणि तिथे मोतिया सुखाने जगते. दुसरी शक्यता, वरून वाहून आलेल्या बियांची पहिल्या-दुसऱ्या वर्षातली रोपे. ती पुढच्या पावसाळ्यात टिकतील असे नाही. ठोंबाला खूण बांधा, पानाचा कोन पाहा, तुरे आल्यावर पुन्हा हुंगा. पुढच्या वर्षीही जिवंत आणि गुलाबीच असेल तर त्याचा एक तुकडा काढून प्रश्न १७ मधल्या पद्धतीने उतारावर लावा.